मीडिया लायब्ररी परत उभारताना माझ्या दुरुस्त्या वाचवणाऱ्या दादांना थँक्यू

दादा,

मेसेजमधे थँक्यू म्हणून झालंय, पण तुम्ही सांगितलेलं बाकीच्यांच्याही कामाचं आहे म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

जेलिफिनची (घरचे सिनेमे बघायला स्वतःचा सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) लायब्ररी नव्या मशीनवर शून्यापासून उभी करायची होती. सिनेमांच्या फायलींची काळजी नव्हतीच, त्या डिस्कवर सेफ होत्या, जीव अडकला होता तो हाताने केलेल्या दुरुस्त्यांमधे. एकाच नावाचे दोन सिनेमे असले की ऑनलाइन डेटाबेसमधून हमखास भलताच उचलला जातो, कुठे साल चुकलेलं, कुठे मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगमधे आलेलं, सॉर्ट टायटल (यादीत क्रम लावायचं नाव), पोस्टर, हे सगळं एकेक करून नीट केलेलं आणि नवीन स्कॅन मारला की नेटवरचंच परत येणार.

बाकी सगळे म्हणत होते जेलिफिनचा जुना डेटाबेसच कॉपी कर. अहो पण तोच तर कचरा झालेला, म्हणून तर नवीन करतोय, आणि फोल्डरचे पाथही बदललेले. तुम्ही एकट्यानेच आधी विचारलंत की सर्व्हरला मीडिया फोल्डरमधे लिहायची परवानगी आहे का. माझं सगळं डॉकरमधे (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) आणि फोल्डर रीड-ओन्ली जोडलेला, पुष्कळ जण सेफ म्हणून तसाच ठेवतात, पण मग दुरुस्त्या साठवणारी एनएफओ फाइल लिहिली कुठे जाणार? हा प्रश्न मला तरी सुचला नसता.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनएफओ म्हणजे साधी एक्सएमएल फाइल, व्हिडिओच्या शेजारीच बसते, नोटपॅडमधे उघडते आणि कोडी या दुसऱ्या मीडिया प्लेअरलाही वाचता येते. लायब्ररी सेटिंगमधे एनएफओ सेव्हरला टिक लावायची, पोस्टर मीडिया फोल्डरमधे ठेवायचा ऑप्शन वेगळा आहे तोही लावायचा. पण नुसती टिक लावून जुन्या सिनेमांच्या फायली लगेच तयार होत नाहीत, आयटम सेव्ह किंवा रिफ्रेश झाला की मगच लिहिली जाते, आणि रिफ्रेश करताना 'सगळा मेटाडेटा (नाव, साल वगैरे माहिती) बदला' हे नाही, 'नसलेला शोधा' हेच निवडायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरं केलंत. दुरुस्त केलेल्या आयटमला लॉक पण लावायला लावलंत, ते लॉक एनएफओमधे लॉकडेटा म्हणून उतरतं, म्हणजे नवीन सर्व्हरलाही कळतं की इथे हात लावायचा नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नवीन मशीनवर पहिला स्कॅन नेटवरून माहिती आणणारे ऑनलाइन डाउनलोडर बंद ठेवून करायचा. जे आलं ते माझं, जे कोरं राहिलं त्याची एनएफओ नाही, लगेच दिसतं. मग डाउनलोडर चालू करून फक्त कोरे भरायचे. एकसारख्या नावांच्या सिनेमांना फोल्डरच्या नावातच चौकटी कंसात टीएमडीबी या सिनेमांच्या ऑनलाइन डेटाबेसमधला आयडी घातला, तो गोंधळ कायमचा मिटला. आता सगळी नावं, सालं, पोस्टर जशीच्या तशी आहेत, खरंच मनापासून थँक्यू!

कलेक्शन्स (सिनेमांचे गट) मात्र सिनेमांच्या शेजारी नसतात, जेलिफिनच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमधे असतात, ती अजून जुन्याच मशीनवर आहेत. वेळ मिळाला की त्याचंही सांगा, तोवर जुनं मशीन फॉरमॅट करत नाही.