पगार एकच उरला तेव्हा

रेडिंग, इंग्लंड
जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

तुझा निरोप काल रात्री वाचला. शिल्पाला ‘अ‍ॅट रिस्क’चं पत्र आलंय आणि फेब्रुवारीअखेर बहुतेक नोकरी जाणार, हे तू दोन ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर मेधाची विचारपूस. अरे, मेधा ठणठणीत आहे. उन्हाळ्यात तिची नोकरी गेली, आता दुसरी लागली, पगार थोडा कमी आहे पण घर चाललंय. आता तुमचं बोलू. फोनवर तू ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून हे सविस्तर लिहितोय. शिल्पालाही वाचायला दे. खरं तर तिनेच वाचावं. फॉर्म भरायची तुझी तऱ्हा मला हॉस्टेलपासून ठाऊक आहे.

कंपनीकडून काय येणार ते आधी कागदावर मांडा. तिची तिथे नऊ वर्षं पूर्ण झाली आहेत आणि वय ४३. कायद्याने वयाच्या २२ ते ४० मधल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार आणि ४१ नंतरच्या वर्षांना दीड आठवड्याचा. म्हणजे तिचे दहा आठवडे होतात. आठवड्याचा पगार कितीही असो, एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात तो जास्तीत जास्त ७१९ पौंड धरतात, म्हणजे फार तर ७,१९० पौंड. कंपनीचं स्वतःचं पॅकेज याहून मोठं असेल तर आनंदच आहे, कमी मात्र देता येत नाही. रिडंडन्सीच्या, म्हणजे नोकरी गेल्याच्या या भरपाईच्या, पहिल्या ३०,००० पौंडांवर कर नाही. पण नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे यांवर नेहमीसारखा कर कापला जातो, त्यामुळे एचआरने ‘एकूण’ म्हणून सांगितलेला आकडा जसाच्या तसा बँकेत येणार नाही. त्यावर खर्च ठरवू नकोस.

सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे ‘एवढे पैसे घेतले, आता कंपनीवर दावा करणार नाही’ असा करार, पुढे केलं तर तिथल्या तिथे सही करायची नाही. स्वतंत्र सल्लागाराचा, सहसा वकिलाचा, सल्ला घेतल्याशिवाय ते कायद्याने ग्राह्यच धरत नाहीत आणि त्या वकिलाच्या फीला कंपन्या सहसा हातभार लावतात. आणि एक गोष्ट पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही: कंपनीचा ‘डेथ इन सर्व्हिस’ विमा आणि खासगी मेडिकल नोकरीबरोबरच जातात. तुमचा आयुर्विमा तिच्या कंपनीच्याच भरवशावर असेल तर हे आधी बघा.

आता खरं सांगायचं ते. आमच्याकडे गाडी अडली ती लाजेपाशी. मेधा म्हणाली, “इतकी वर्षं काम केलं आणि आता जॉबसेंटरच्या दारात जाऊन उभी राहू?” आपल्या लोकांत हे फार आहे, बेनिफिट, म्हणजे सरकारी मदत, दुसऱ्या कुणासाठी तरी असते. मी वाद घातला नाही. तिचीच एक जुनी पेस्लिप टेबलावर ठेवली. कपातीच्या रकान्यात ‘नॅशनल इन्शुरन्स’ (एनआय), म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, अशी ओळ असते ना, तिच्यावर तिने बोट ठेवलं. मग ड्रॉवरमधून आणखी पेस्लिपा काढल्या आणि लाल पेनाने प्रत्येकीवर त्या ओळीभोवती गोल करत गेली. टेबल भरलं तेव्हा म्हणाली, “म्हणजे हप्ते मी भरले, क्लेम दुसऱ्यांनी करायचा?” त्याच दुपारी तिने अर्ज भरला.

तो अर्ज ‘न्यू स्टाइल जेएसए’चा, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांना मिळणाऱ्या जॉबसीकर्स अलाउन्सचा. गेल्या दोन-तीन वर्षांत नोकरदार म्हणून पुरेसं एनआय भरलेलं असलं की तो मिळतो. घरात तुझा पगार किती येतो, बँकेत किती शिल्लक आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. २०२५-२६ मध्ये पंचविशीपुढच्यांना आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस. सहा महिन्यांचे सुमारे २,३९३ पौंड होतात. घर चालत नाही त्यात, मान्य. पण आठवड्याचा किराणा निघतो, शिवाय त्या काळात एनआयचं क्रेडिट मिळत राहतं, म्हणजे पुढच्या पेन्शनमध्ये खंड पडत नाही. ही रक्कम करपात्र उत्पन्नात धरतात, तेवढं लक्षात ठेव. कंपनीने नोटीस द्यायच्या ऐवजी एकदम पगार दिला तर तेवढा काळ जेएसए मिळत नाही, हेही विचारून घ्या.

युनिव्हर्सल क्रेडिटचा (यूसी), म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या मदतीचा, मामला वेगळा. तिथे नवरा-बायकोचा अर्ज एकच आणि दोघांचंही सगळं उघडं करावं लागतं. आम्हाला यूसी मिळालं नाही, कारण दोघांची बचत मिळून १६,००० पौंडांच्या वर असली की दरवाजा बंद, आणि आमची ठाण्याची एफडी धरून आम्ही वर जात होतो. हो, भारतातली एफडीसुद्धा धरतात. नाशिकचा जो फ्लॅट शिल्पाच्या आणि तिच्या भावाच्या नावावर आहे, त्यातला तिचा वाटाही सांगावा लागेल. तिचे आईवडील त्यात राहतात म्हणून सूट मिळू शकते, पण ते सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत नीट विचारून मगच लिही. घरच्या घरी ‘कोण बघतंय’ असं ठरवू नका. अंगावरचे दागिने यात येत नाहीत, शिल्पाला सांग, निश्चिंत राहा.

तुमची बचत रिडंडन्सी धरून ९,००० च्या आसपास जाईल असा माझा अंदाज. ६,००० पर्यंत काही बोलत नाहीत. त्यापुढे दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात, म्हणजे तुमचे ५२ पौंड वीस पेन्स जातील. शिवाय तुझ्या पगाराचा हिशेब: पोरं असल्यामुळे पगाराचा काही भाग सोडून देतात आणि उरलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स वजा करतात. तुम्ही भाड्याने राहता आणि दोन मुलं आहेत, तेव्हा थोडंफार पदरात पडेल असं वाटतं. टर्नटूअस किंवा एन्टायटल्डटूच्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत कळतं. जेएसए आणि यूसी दोन्ही मिळाली तर जेएसएची रक्कम यूसीतून पूर्ण वजा होते, दुहेरी फायदा नाही. तरी जेएसए घ्यावाच, कारण तू ओव्हरटाइम केलास म्हणून तो कमी होत नाही.

यूसीच्या बाबतीत ‘आधी रिडंडन्सीचे पैसे संपू दे, मग बघू’ हा विचार डोक्यातून काढ. अर्ज केल्यापासून पहिला पैसा हातात यायला पाच आठवडे जातात, आणि अर्ज ज्या दिवशी कराल तिथून पुढचंच साधारणपणे मिळतं. मधल्या काळासाठी अ‍ॅडव्हान्स देतात, पण नाव काहीही असलं तरी ते कर्ज आहे, पुढच्या महिन्यांतून वळतं करून घेतात. आणि बचत कमी दिसावी म्हणून पैसे भावाच्या खात्यात पाठवणं वगैरे शहाणपणा करू नका. मुद्दाम कमी केले असं ठरलं तर ते पैसे तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशेब करतात. क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडलं तर मात्र हरकत घेत नाहीत.

तुमचं आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, झालंय म्हणून हे सगळं सरळ आहे. तुझ्या ऑफिसातला तो नवा मुलगा, ज्याची बायको डिपेंडंट व्हिसावर काम करते, त्याच्यावर ही वेळ आली तर त्याला एवढं सांग की यूसी ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे अशा व्हिसावाल्यांना मनाई असलेल्या सरकारी मदतीत, येतं, त्याला हात लावायचा नाही. न्यू स्टाइल जेएसए त्यात येत नाही. हे माहीत नसल्यामुळे हक्काचे पैसे सोडून देणारे बरेच असतात.

काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, सवलत यूसीबरोबर आपोआप येत नाही, काउन्सिलकडे वेगळा अर्ज लागतो आणि प्रत्येक काउन्सिलचे नियम वेगळे. निदान दहाऐवजी बारा हप्ते मागून घे, ते देतात. मुलांसाठी मिळणाऱ्या चाइल्ड बेनिफिटचंही बघ. शिल्पाचा पगार ८०,००० च्या वर गेला तेव्हा तुम्ही ते बंद करून घेतलं होतं ना? जो जास्त कमावतो त्याचं उत्पन्न धरतात आणि २०२४ पासून कात्री ६०,००० नंतर लागायला सुरुवात होते. एप्रिलपासूनच्या नव्या करवर्षात तुम्ही दोघं त्याखाली असाल, तर पुन्हा सुरू करायला सांगा.

खर्चाचं म्हणशील तर मी उपदेश करणार नाही, तुम्ही उधळे नाहीच आहात. एक संध्याकाळ दोघं बसा, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि डायरेक्ट डेबिट एकेक करत वाचा. आमच्यात एका जिमचे पैसे जात होते, जिचं दार मी करोनाच्या आधी शेवटचं पाहिलं होतं. मेधाने त्या ओळीसमोर फक्त माझं नाव लिहिलं. पैसे अपुरे पडायला लागले तर क्रम चुकवू नका: भाडं, काउन्सिल टॅक्स, गॅस-वीज आधी, क्रेडिट कार्डवाले कितीही फोन करोत, त्यांचा नंबर नंतर. घरमालकाशी हप्ता चुकायच्या आधी बोल, चुकल्यावर नाही. आमच्या मॉर्गेजचं तेच झालं. बँकेला आम्ही आधीच कळवलं, त्यांनी सहा महिने फक्त व्याज भरायची मुभा दिली आणि क्रेडिट रेकॉर्डवर डाग आला नाही.

आईला दरमहा जाणारी तुझी स्टँडिंग ऑर्डर. याबद्दल लिहू की नको, असं झालं होतं. मी आमच्या अण्णांना फोन करून स्पष्ट सांगितलं, सहा महिने निम्मे पाठवीन. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “अरे, निम्मेसुद्धा कशाला? आम्ही तुझे पैसे पोस्टातच टाकतो.” सगळ्यांचे अण्णा असे नसतात, माहीत आहे. पण काकूंना तू सांगितलं नाहीस तर त्यांना ते शिल्पाच्या आवाजावरून कळेलच, मग दुखावतील त्या वेगळ्याच.

शिल्पाला विचार, नोकरीचा शेवटचा दिवस नेमका कोणता, नोटीस काम करून घेणार की पैसे देणार, आणि पी-४५, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारा पगाराचा आणि कराचा कागद, कधी मिळणार. हे तिन्ही कळलं की मला मेसेज कर. मी शनिवारी सकाळी मोकळा आहे, व्हिडिओ कॉलवर मेधा आणि शिल्पा बसून जेएसएचा अर्ज बघून ठेवतील, म्हणजे नोकरी संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पाठवता येईल. तू आणि मी त्यात लुडबुड करायची नाही, असं मेधाने आताच बजावलंय. येताना एनआय नंबर आणि बँकेचे तपशील समोर ठेवायला सांग तिला.

तुझा,
नंदू