चवथीच्या साफसफाईत तोफेची पुंगळी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ जवळ आली की समया आणि तांबे चिंचेने किंवा बिंबलांनी लख्ख होतात. घरातला कोणी पूर्वी पलटणीत असेल, तर पणजोबांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून पाठवलेली पितळी फुलदाणीही त्याच ढिगात येते. ती तेवढी बाजूला ठेवावी.

ही फुलदाणी म्हणजे तोफेची झाडलेली पुंगळी, गोळा उडून गेल्यावर मागे उरणारं दारूचं पितळी नळकांडं. ब्रिटिशांच्या 18 पौंडी तोफेची असेल, तर साधारण फूटभर उंच. पितळ 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. आंबटाने आधी जस्त सुटतं, म्हणून घासल्यावर तांबूस डाग उरतात. शिवाय छिन्नीने कोरलेलं नाव दर घासणीला उथळ होतं, आणि खरी किंमत त्या नावाचीच. बुडावरचं साल पुंगळी घडवल्याचं असतं, लढाईचं नव्हे.

दुसरा शत्रू अमोनिया. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात लष्करी काडतुसांची पितळं तडकत. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हेच कारण, असा उलगडा 1921मध्ये झाला. ठोकून पाकळ्या पाडलेल्या पुंगळीत ताण जास्त, म्हणून ती आधी तडकते. तेव्हा गोठ्याला लागून असलेल्या भिंतीच्या फडताळात ती ठेवू नये, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणीही लावू नये.

मऊ ब्रशने धूळ काढावी. फारच मळली असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून पुसावी, लगेच कोरडी करावी, मग मेणाचा पातळ हात द्यावा. फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेची नळी बसवावी. फुलदाणीत पाणी ओतणं ही तिला मारण्याची सगळ्यात सभ्य रीत.

त्याच युद्धात फ्रान्सहून घरी आलेली रेशमी भरतकामाची कार्डं चिकट पानांच्या अल्बमात लावू नयेत. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नयेत, आतली ओल आतच राहते.

या सगळ्याच्या आधी बूड पाहावं. मधल्या टोपीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या चकतीवर, ठोका बसल्याचा खळगा नसेल, किंवा तोंडाशी टोकदार गोळा अजून बसलेला असेल, तर घासणं, तापवणं, भोक पाडणं काहीच नको. खळगा दिसला तरी बार उडालाच असेल असं नाही. वस्तू जागची हलवू नये, मुलांना लांब ठेवावं आणि 112वर कळवावं.

आपले,
जुन्या वस्तूंची निगा राखणारे काही वाचक, डिचोली