आई-बाबा, यंदा तुम्हीच इकडे या

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणून फोन तुझ्याकडे देतात आई, म्हणून लिहायला बसले. तुमची मे महिन्याची विमानाची तिकिटं मी काढली आहेत. यंदा उन्हाळ्यात मी परभणीला येत नाही, तुम्ही दोघांनी पॅरिसला यायचं. आई, रागावू नकोस. मोठी रजा एकदाच मिळते आणि रोलाँ गारोसचे, म्हणजे फ्रेंच ओपन टेनिसचे सामने त्याच दिवसांत असतात. पेरणीचं म्हणाल, तर आपण पहिल्या आठवड्याचेच सामने बघू. मृग निघायच्या आत बाबा शेतात असतील.

बाबा, गेल्या वर्षी तिथे बसले होते तेव्हा सारखं वाटत होतं, हे तुम्ही बघायला हवं. लाल माती म्हणतात, पण ती विटांची भुकटी. थर जेमतेम २ मिलिमीटर, खाली चुनखडी. सेट संपला की माणसं जाळी ओढत कोर्टभर फिरतात, रेषा झाडतात. पाणी मारायला लागले आणि मला तुमचं खो-खोचं मैदान दिसलं. पाणी शिंपून झालं की तुम्ही फक्की टाकायचात, मी सुतळीचं टोक धरून उकिडवी. "हलू नको गं बाळा." परतताना सायकलवर तुमच्या पाठीला डोकं टेकून झोपायचे.

आणि पंच! चेंडू आत की बाहेर असा वाद झाला की खुर्चीवरून उतरून मातीतला ठसा बघायला जातो. तोवर सगळे माना उंचावून वाट बघतात. मोठ्या कोर्टावर १५ हजार माणसं, वरून कुणीतरी तुतारी वाजवतं, सगळे "ओले!" ओरडतात, आणि सर्व्हिसला चेंडू उचलला की चिडीचूप. पण आधी आपण बाजूच्या लहान कोर्टांवर जाऊ. तिथे खेळाडू घसरत जातो त्याची खरखर ऐकू येते, मोजे लाल झालेले दिसतात. १९९९ साली पेस-भूपतींनी इथेच दुहेरी जिंकली. ते कात्रण अजून कपाटाच्या दाराला आहे ना?

आई, ज्वारीचं पीठ मिळतं, तवा आहे, लिफ्ट आहे. सामना पूर्ण बघायलाच हवा असं नाही. खेळाडू बाजू बदलतात तेव्हा उठता येतं, थकलीस की आपण दोघी घरी येऊ. बाबांच्या गुडघ्यांना आज एवढं चालणं जमतंय, म्हणून मी घाई केली. बाकी काही मनात आणू नका.

आता ऐका. डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत नाही. बाबा, गुडघ्याचा पट्टा आणि बूट. चपला चालणार नाहीत. साखर तपासून रिपोर्ट मला पाठवा, "बरी आहे" असं सांगू नका. व्हिसाच्या ठशांसाठी मुंबईला जावं लागेल, देवगिरीचे दोन्ही खालचे बर्थ मिळालेत, दादा सोबत येईल. फोटो या रविवारीच काढा.

तुमची,
मनू