लोहाच्या गोळ्या कचऱ्यात का?

महोदय,

‘मेंदूत लोखंड साचतं आणि कंपवात होतो’ असा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि वहिनींनी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या थेट कचऱ्यात टाकल्या. हिमोग्लोबिन साडेआठ! भाजीची लोखंडी कढईसुद्धा माळ्यावर गेली.

मजकुरात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो घातक. कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णांत, डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या मेंदूच्या काळसर भागात लोह जास्त आढळतं, हे खरं. पण ते रोगाचं कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही. शरीरातलं लोह काढणारं डेफेरिप्रोन हे औषध युरोपात ३७२ रुग्णांवर ३६ आठवडे तपासलं गेलं. लेव्होडोपा हे कंपवातावरचं नेहमीचं औषध अजून सुरू न केलेले, नव्यानेच निदान झालेले हे रुग्ण. निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये आले. मेंदूतलं लोह घटलं, लक्षणं मात्र बळावली! डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. पँक-२ जनुकातल्या दोषाने मुलांच्या मेंदूत लोह साठतं, तो आजार वेगळा आणि अतिशय दुर्मीळ. त्याचा पालकाच्या भाजीशी काय संबंध?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

वहिनींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. कढई अजून माळ्यावरच आहे.

– एक वाचक, मिरज