आठ एकरांसाठी आठ लाखांचा ट्रॅक्टर?

संपादक महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हापासून नव्या ट्रॅक्टरची ओढ वाढली आहे. पण काटोल, उमरेड, भिवापूरकडच्या आठ एकरवाल्याने आधी कागदावर हिशेब मांडावाच.

४५ एचपीचा ट्रॅक्टर ८ लाखांचा धरा. २ लाख रोख, ६ लाख कर्ज, १२ टक्के व्याज, मुदत ५ वर्षे. सहामाही हप्ता सुमारे ८१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ६३ हजार. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, विमा, डिझेल वेगळे. नांगरणी, वखरणी, पेरणी भाड्याने करून एकरी ७ हजार गेले, तरी ८ एकरांचे ५६ हजारच होतात. त्यात कपाशी वाढली की मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही. डवरणीला, म्हणजे ओळींमधले तण काढायला, बैलजोडी लागतेच. हा खर्च हमखास विसरला जातो.

भाड्याची खरी अडचण वेळेची. पाऊस पडला की ट्रॅक्टर सगळ्यांनाच हवा असतो आणि वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून जातो. म्हणून तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा, पाळी आधीच लिहून ठेवावी.

जुना घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. नांगर हायड्रॉलिकवर उचलून दहा मिनिटे ठेवा. इंजिन चालू असतानाही तो खाली येऊ लागला तर आतले सील किंवा पंप गेलेला असू शकतो. त्यावर आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ (आरटीओकडे कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

– एक वाचक, नागपूर