वूच शहरातल्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण निवृत्त शिक्षिका, म्हणून पहिल्या भेटीपासून मी आपल्याला बाईच म्हणत आले आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर आपणही तो आनंदाने स्वीकारलात. या पत्राचे पोलिश भाषांतर आपल्याला टपालाने मिळेलच. तरीही ते आधी मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या नकाशांवर लॉड्झ असे छापले जाणारे पोलंडमधले आपले वूच शहर लालबागच्या एका गिरणी कामगाराच्या मुलीला कोणी आणि कसे दाखवले, हे माझ्या माणसांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

दोन महायुद्धांमधल्या काळात तिथल्या रस्त्यांवर साधी माणसे कशी वावरत होती, एवढेच मला समजून घ्यायचे होते. एका संस्थेने सात महिने माझ्या पत्रांची दखल घेतली नाही, आणि शेवटी उत्तर आले ते आणखी एक अर्ज भरण्याविषयी. एका वाटाड्याने दिवसभराचे पैसे घेऊन गिरणीमालक पोझ्नान्स्कींचा प्रासाद, दुसरे गिरणीमालक शाइबलर यांची गिरणी आणि प्योत्रकोव्स्का रस्त्यावरचे नक्षीदार सज्जे दाखवले. कामगार कुठे राहत होते, असे विचारल्यावर 'तिकडे पाहण्यासारखे काही नाही' असे तो म्हणाला. ते वाक्य मला अजूनही बोचते.

आपण मला बावुतीत नेलेत. १९१५ साली शहरात सामील झालेल्या त्या दाटीच्या वस्तीत आपल्या मातोश्रींचे बालपण गेले होते. एका जुन्या इमारतीच्या बोळासारख्या लांब अंगणात उभे राहून आपण बोलत होतात आणि मला आमची चाळच समोर दिसत होती. रात्री फाटक बंद झाल्यावर उशिरा परतणाऱ्याने रखवालदाराच्या हातावर ठेवायचे चार पैसे. अंगणात वादक आले की वरच्या खिडक्यांमधून कागदात गुंडाळून टाकलेली नाणी. पोलिश, ज्यूंची यिडिश आणि जर्मन बोलणारे शेजारी. ज्यूंची दुकाने शनिवारी धर्मामुळे बंद आणि रविवारी कायद्यामुळे बंद. शहराचा जवळपास एक तृतीयांश असलेला तो ज्यू समाज १९४० मध्ये याच बावुतीतल्या घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंसाठी केलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडला गेला, हे सांगताना आपण बराच वेळ थांबलात. मीही काही विचारले नाही.

मग आपण खाली वाकलात. पाऊस भुरभुरत होता, थंडी बोचरी होती, आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या आपण उजव्या हातातला मोजा काढून उघड्या बोटांनी कडेच्या दगडांवरचा चिखल खरवडलात. खाली दगडात कोरलेली उथळ पन्हळ निघाली. माझा हात धरून आपण तो त्या पन्हळीत टेकवलात. १९३१ साली सहा लाखांवर वस्ती असलेल्या या शहरात भुयारी गटारांचे काम १९२५ मध्ये कुठे सुरू झाले होते, आणि तोवर घरांचे सांडपाणी आणि गिरण्यांच्या रंगखात्यांचे पाणी असे उघड्यावरूनच वाहत असे. आज पाणी कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्या मातोश्री शाळेत जाताना रोज पाहत असत, असे आपण सांगितलेत.

माझे वडील रंगखात्यात होते, हे मी तेव्हा प्रथमच बोलून दाखवले. आपण उठला नाहीत. तशाच बसून विचारलेत, "त्यांच्या हातांना कोणता रंग असायचा?"

बाई, गेल्या अनेक वर्षांत गिरण्यांवरच्या चर्चासत्रांना मी बसले आहे, विद्वान माणसे ऐकली आहेत, पण माझ्या वडिलांच्या हातांविषयी मला आजवर कोणीही विचारले नव्हते. परक्या देशातून आलेल्या, मोडकी पोलिश बोलणाऱ्या बाईसाठी थंडीत गुडघे टेकण्याचे आपल्याला काही कारण नव्हते. अशी माणसे प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्यामुळेच परके गाव परके राहत नाही. त्या दिवशी मी रडले म्हणून आपण घाबरलात, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. घरी परतल्यावर आईला विचारले. ती लगेच म्हणाली, "एरवी निळा. दिवाळीच्या मालाची घाई असली की लाल. नखांतला मात्र कधीच जात नसे."

आपली कृतज्ञ,
लालबागची एक विद्यार्थिनी