शनिवार-रविवारच्या मुलींचा पगार

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजेंद्रनगरात गेली चौदा वर्षे मी स्त्रियांसाठी एक लहानसे ब्युटी पार्लर चालवते. दोन खुर्च्या, फेशियलसाठी एक पलंग, आठवडाभर कामाला असलेली एक बाई आणि फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्या दोन मुली, एवढाच माझा पसारा आहे. इंदुरात अशी पार्लरे गल्लोगल्ली आहेत आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकजणींचा खरा धंदा या दोन दिवसांतच होतो. तरीही याच दोन दिवसांत राबणाऱ्या मुलींच्या पैशांचा हिशेब आपण सर्वांत ढिलेपणाने ठेवतो, आणि त्याविषयी लिहिण्यासाठीच हे पत्र आहे.

पूर्वी मीसुद्धा या मुलींना दिवसाचे तीनशे रुपये देत असे. कॉलेजात शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांचा हातखर्च सुटतो आणि वर काम शिकायला मिळते, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या एका शनिवारी एका नवरीने ऐनवेळी वेळ रद्द केली, तेव्हा राऊहून सिटी बसने आलेल्या मुलीला मी साडेबारा वाजता शंभराची नोट देऊन घरी पाठवले. तिने पर्समधून एक छोटी डायरी काढली, तारखेपुढे 100 लिहिले, त्याखाली जाण्या-येण्याचे बसभाडे लिहिले आणि काही न बोलता ती निघून गेली. ती डायरी माझ्या डोळ्यांसमोरून काही केल्या हलेना. पुढच्याच आठवड्यात मी माझ्या सीएंना गाठले आणि कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतले.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 देशभर लागू झाली आहे. पूर्वी किमान वेतन हे सरकारने अनुसूचीत घातलेल्या धंद्यांपुरतेच बंधनकारक होते. आता ते सर्वच कामगारांना लागू आहे आणि आठवड्यातून दोनच दिवस येणारी मुलगी त्यातून सुटत नाही. आपल्या मध्य प्रदेशात किमान वेतनाचे दर 1 एप्रिल 2024 पासून सुधारले गेले. त्यांना मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्थगिती दिली होती, ती डिसेंबर 2024 मध्ये उठली. त्या सुधारणेत अकुशल कामाचा मासिक दर 11,800 रुपये आणि कुशल कामाचा 14,519 रुपये होता. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरून भागले तर दिवसाला अनुक्रमे सुमारे 454 आणि 558 रुपये होतात. महागाई भत्त्यामुळे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये हे आकडे बदलत असल्याने चालू दर पाहूनच हिशेब करावा. पण माझे तीनशे रुपये त्या 2024 च्या अकुशल दरालाही पोहोचत नव्हते. शिवाय जिच्या हाती आपण नवरीचा चेहरा निर्धास्तपणे सोपवतो, तिला अकुशल म्हणणे मला तरी पटत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. दिवसाच्या दराने ठेवलेली व्यक्ती कामाला हजर असताना केवळ मालकाने काम पुरवले नाही म्हणून कमी तास भरले, तर तिला पूर्ण दिवसाचे वेतन मिळण्याचा हक्क आहे. तिनेच काम करण्यास नकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे त्या शनिवारी मी दिलेले शंभर रुपये ही तिची मजुरी नव्हतीच. रद्द झालेल्या वेळेचे नुकसान माझ्या धंद्याचे होते आणि ते मी तिच्या अंगावर ढकलले होते. उरलेली रक्कम मी तिला नंतर दिली. जिला मुळातच चार तासांसाठी ठरवून बोलावते, तिचा तासाचा दर आता मी दिवसाच्या दराच्या आठव्या हिश्शापेक्षा खाली येऊ देत नाही. लग्नसराईत रात्री नऊपर्यंत थांबवून घेतले, तर दिवसाच्या ठरलेल्या तासांपुढच्या वेळेचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. समोसा आणि चहा देऊन ती जबाबदारी संपत नाही.

आमच्या धंद्यात रुळलेल्या आणखी काही प्रथा मला टोचतात. पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवायचा, म्हणजे मुलगी मध्येच सोडून जाणार नाही, हा सल्ला मला दोन मैत्रिणींनी अगदी आपुलकीने दिला होता. प्रत्यक्षात मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठवड्याचे वेतन आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि रोजचे वेतन काम संपताच द्यायचे असते. काम सोडल्यास सगळी बाकी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची असते. हेअर ड्रायर पडला म्हणून तिला बोलू न देता पैसे कापता येत नाहीत. ‘पगार नाही, फक्त कमिशन’ हा सौदाही टिकणारा नाही, कारण एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतचे कमिशन संहितेने वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, म्हणजे त्याने किमान वेतन भरून निघत नाही. टीप तर ग्राहकाने त्या मुलीला दिलेली असते, ती पगारात धरण्याचा विचारसुद्धा मनात येऊ नये. ‘ती शिकाऊ आहे’ ही सबबही 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नेमणूक केली असेल तरच चालते. आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या सलूनमध्ये केस कापणाऱ्या मुलाला त्याच कामासाठी मुलीपेक्षा जास्त देणे हा उघड भेदभाव आहे.

हे परवडेल का, असे मला विचारले जाते. माझा खर्च महिन्याला सुमारे अडीच हजारांनी वाढला हे खरे आहे. त्यासाठी मी थ्रेडिंगचे दहा रुपये आणि फेशियलचे पन्नास रुपये वाढवले, त्याचे कारण नेहमीच्या ग्राहकांना सांगितले, आणि एकही बाई यायची थांबली नाही. मुलींची येण्या-जाण्याची वेळ मी एका लांबट वहीत लिहिते, त्यावर त्यांची सही घेते, रविवारी संध्याकाळी यूपीआयने पैसे पाठवते आणि दिवस, तास, दर लिहिलेली चिठ्ठी हातात देते. वेतनचिठ्ठी आणि नोंदवही ठेवणे ही कायद्यानेच आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे. उद्या वाद झाला आणि वेतन कमी दिल्याची तक्रार झाली, तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे ती वही मुलीइतकीच माझ्याही उपयोगाची आहे.

राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय आपल्याच शहरात, महात्मा गांधी मार्गावर मोतीबंगल्यात आहे. पार्लर आणि सलूनमधील कोणते काम कोणत्या श्रेणीत धरायचे आणि त्याचा दिवसाचा व तासाचा दर किती, हे एका पानावर सोप्या भाषेत छापून त्या कार्यालयाने आम्हा छोट्या चालकांपर्यंत पोहोचवावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवे दर चौकटीत छापावेत. मी ते कात्रण आरशाशेजारी, मुलींना वाचता येईल अशा उंचीवर चिकटवीन.

आपली विश्वासू,
एक पार्लरचालिका, राजेंद्रनगर, इंदूर